दणका पायजे ना भाऊ!

स्पीकर घ्यायला निघालेला वऱ्हाडी माणूस सोबत सगळं नेतो. साळा नेतो. गल्लीतला 'साऊंडमधलं समजणारा' पोरगा नेतो. हप्त्यांवर घ्यायची वेळ आलीच तर आधार, पॅन आणि दोन कोरे चेक नेतो.

कान तेवढे घरी ठेवतो.

दुकानात कानांचं कामच काय? पेटी केवढी, लाइट लागतात का, लागले तर निळे की रंग बदलणारे, पेनड्राइव्ह चालतो का, माइक लावून 'हॅलो हॅलो' करता येतं का, हे सगळं डोळ्यांनीच बघायचं असतं. आवाजाचा नंबर शेवटी. तोही एका प्रश्नापुरता. "दणदणते का?"

दणदणते. आपल्याकडे विकायला ठेवलेला कोणता डबा दणदणत नाही?

मग खोक्यावरचा आकडा. 1000 वॅट. शेजारच्या खोक्यावर 5000. पाच हजारवाला हजारवाल्यापेक्षा भारी, एवढं गणित शाळेतच झालंय. आकड्यापुढे बारीक टायपात 'पीएमपीओ' लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. वाचलं तर विचारत नाही. विचारलं तर सांगायला कोणाला येत नाही.

येणार कसं? पीएमपीओ मोजायची सर्वमान्य रीतच नाही. ज्याची त्याची पट्टी, आणि पट्टी रबराची.

खात्री करायची असेल तर त्या डब्याचा अ‍ॅडाप्टर हातात घ्या. चष्मा लावा. 12 व्होल्ट, 2 अँपिअर. गुणाकार करा. 24 वॅट. भिंतीतून 24 आत जातात आणि पुढून हजार बाहेर येतात! हे खरं असेल तर अकोला जिल्ह्यातलं पारसचं वीज केंद्र उद्याच बंद करा आणि हा डबा महावितरणच्या ताब्यात द्या. लोडशेडिंगचा प्रश्नच मिटला.

बघायचा आकडा आरएमएसचा. म्हणजे सतत, धाप न लागता, किती ताकद. तो खोक्याच्या मागच्या बाजूला असतो, बारकोडच्या खाली. असला तर.

आणि तोही दुप्पट झाला म्हणून हुरळून जाऊ नका. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो 3 डेसिबल. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. पन्नास वॅटचा सोडून शंभर वॅटचा घेतला, वर चांगली रक्कम मोजली, साळ्याची पाठ थोपटली. मिळालं काय? रिमोटचं बटण एक-दोनदा जास्त दाबल्याएवढा आवाज.

त्यापेक्षा कामाचा आकडा वेगळाच आहे. सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिला, एक मीटरवर मोजलं, तर किती डेसिबल? एकाचे 84 आणि दुसऱ्याचे 90 असतील, तर दुसरा तेवढाच आवाज चौथाई ताकदीत देतो. हा आकडा सेल्समनला विचारून बघा. तो गंभीरपणे सांगतो, "सर, हा पीस लय सेन्सिटिव्ह आहे, जपून वापरा लागते."

चौकातल्या एका दुकानातला देखावा बघा. नवरा, बायको, साळा आणि दुकानातला पोरगा. पोरगा स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःचंच गाणं लावतो. त्यात गाणं कमी आणि ढोल जास्त. काउंटरची काच थरथरते. पोरगा विजयी मुद्रेनं म्हणतो, "भाऊ, बेस पाहा फक्त!" भाऊ पाहतात. खरोखर पाहतात, कारण स्पीकरचा कोन पुढे-मागे होताना दिसतो. बायको पदर सावरत हळूच म्हणते, "अहो, शब्दच समजून नाही राहिले." भाऊ : "तुले काय समजते साऊंडमधलं?"

शब्द समजत नाहीत, ही साऊंडमधलीच तक्रार आहे, हे त्या दुकानात एकालाच कळलं होतं. तिलाच गप्प बसवलं.

आता पोरग्याची खरी कारागिरी. स्वस्त जोडी वाजवताना नॉब दहावर. महागडी वाजवताना नॉब बारावर. बस्स, एवढंच. आवाज जरासा वाढला की कानाला बेस भरल्यासारखा आणि वरचे सूर उजळल्यासारखे वाटतात. हे 1933 साली फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकनांनी रीतसर मोजून ठेवलंय. पोरग्याला ती नावं माहीत नाहीत. नॉब माहीत आहे.

आणि डोळ्यांचं म्हणाल, तर त्याचाही हिशोब झालेला आहे. फ्लॉइड टूल नावाचे कॅनडाचे ध्वनिशास्त्रज्ञ. त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली एक प्रयोग मांडला. तेच स्पीकर, तेच ऐकणारे. एकदा स्पीकर समोर दिसत असताना गुण द्यायचे, एकदा पडद्याआड. दिसत होते तेव्हा मोठे, देखणे, महाग पुढे गेले. पडदा आल्यावर तो मोठा फरक आटला आणि दिसायला किरकोळ, किमतीला स्वस्त अशा सेटला बरे गुण मिळाले. ऐकणारे कोण होते? स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचेच लोक.

ते फसले. तुमचा साळा फसणार नाही म्हणता?

अमर बोस यांची गोष्ट याहून बोलकी. 1956 साली एमआयटीत शिकत असताना या माणसानं स्टिरिओ घेतला. इंजिनिअरच तो. कागदावरचे आकडे बघून घेतला. घरी आणून लावला आणि हिरमुसला. आकडे उत्तम, व्हायोलिन भंगार. त्या रागातून त्यांनी संशोधन केलं आणि 1964 मध्ये स्वतःची कंपनी काढली. आपल्याकडे हिरमुसलेला गिऱ्हाईक काय करतो? 'एकदम कंडिशनमध्ये' अशी जाहिरात टाकतो.

हल्ली मात्र कोणी आंधळेपणानं घेत नाही. अभ्यास करून घेतो. यूट्यूबवर. पन्नास हजारांच्या जोडीचा 'साऊंड टेस्ट' व्हिडिओ लावतो, डोळे मिटतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "क्लॅरिटी आहे." ऐकतो कशावर? मोबाइलच्या बुडाला असलेल्या चार भोकांवर.

यूट्यूब झालं की दौरा. अमरावतीचा माणूस म्हणतो, अकोल्यात स्वस्त पडतं. अकोल्याचा म्हणतो, अमरावतीत व्हरायटी आहे. दोघं शेवटी भेटतात नागपुरात, सीताबर्डीवर. तिथे भाव ऐकतात, चहा पितात आणि परतीच्या गाडीत ऑनलाइन ऑर्डर टाकतात.

याच अमरावती-अकोला महामार्गावर 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटर डांबराचा थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला. गिनेस बुकात नोंद झाली. त्याच रस्त्याच्या दोन्ही टोकांना अशी घरं आहेत, जिथं मागच्या दसऱ्यापासून 'टॉवर घ्यायचा की साऊंडबार' यावर अजून एकमत व्हायचंय.

साऊंडबारचं नाव निघालंच म्हणून. हात-दीड हात लांबीची नळी, तिच्यात शेजारी-शेजारी कोंबलेले स्पीकर, आणि खोक्यावर 'थिएटर'. डावं-उजवं एकमेकांपासून वीतभर लांब. टीव्हीवरच्या बातम्या नीट ऐकू येतात, त्याबद्दल तक्रार नाही. बातम्या नीट ऐकू येणं हे सुख आहे का, हा प्रश्न वेगळा.

असो. जोडी घरी आली. आता लावायची कुठे?

इथं खरी गंमत सुरू होते. घासाघीस दुकानात तासभर चालते, जागा ठरते दोन मिनिटांत. एक स्पीकर गोदरेजच्या कपाटावर, छताला टेकून. दुसरा सोफ्याच्या मागे, कारण तिथं प्लग आहे. किंवा मग सर्वात लोकप्रिय तोडगा : एक हॉलमध्ये, दुसरा स्वयंपाकघरात. "तिलाही ऐकू आलं पाहिजे न!"

अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरनं 1931 साली स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला. माणसाला दोन कान आहेत, दोघांना मिळून आवाजाची जागा कळते, हा त्यातला मुद्दा. आपण व्हायोलिन कढईपाशी ठेवलं आणि तबला सोफ्यापाशी.

प्रेम दाखवायचं तर कांदा चिरून द्या. स्टिरिओ कशाला फोडता?

सूत्र अगदी सोपं आहे. दोन स्पीकर आणि तुम्ही, असा त्रिकोण. तिन्ही बाजू साधारण सारख्या. ट्विटर, म्हणजे वरचे सूर देणारा छोटा स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. भिंतीपासून थोडं पुढे. कोपऱ्यात कोंबला की बेस फुगतो आणि गाणारा त्याखाली दबतो. यात एक रुपयाही लागत नाही. म्हणूनच हे कोणी करत नाही.

शिवाय घरात स्पीकर म्हणजे आयतं टेबल. वर क्रोशाचा रुमाल. रुमालावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी. तिच्या बाजूला चिनी मातीचा गणपती आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल. वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, हलला की फुलदाणी खणखणते, गणपती इंच-इंच पुढे सरकतो. शिव्या कंपनीला.

जागा बरोबर लागली की नाही, हे तपासायला मशीन लागत नाही. एखादं जुनं गाणं लावा. पन्नास-साठच्या दशकातली आपली बहुतेक सिनेगीतं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही पेट्यांतून एकच आवाज. मधोमध बसा, डोळे मिटा. सगळं जागेवर असेल तर लताबाई डाव्या पेटीत नसतात, उजव्याही पेटीत नसतात. दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत असतात, जिथं तुमच्याकडे टीव्ही आहे.

आणि आवाज पसरट आला, कुठून येतोय तेच कळेना, बेस गायब झाला तर? तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडली आहे. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, एकानं केलेलं दुसरा पुसतो. युती म्हणा, आघाडी म्हणा, कार्यक्रम हाच. कित्येक घरांत ही वायर वर्षानुवर्षं उलटीच आहे. 'बेस कमी आहे' म्हणून तिथं दोन वेळा वूफर बदलून झालेत.

आता खोली. दहा बाय बाराचा हॉल. खाली चकचकीत टाइल्स, भिंतींना पुट्टी, समोर काचेचं शोकेस, मागे लोखंडी कपाट. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. 'टण्ण' असं घुमलं? मग तुमची नवी जोडी तशीच वाजणार. दुकानात गोड वाटलेला आवाज घरी आल्यावर कर्कश्श का झाला, याचं उत्तर त्या टाळीत आहे. पण टाळी कोण वाजवतो? फोन लावतात दुकानदाराला. "पीस बदलून द्या."

पीस बदलतो. टाइल्स त्याच राहतात.

याच्यावर हल्ली नवं औषध निघालंय. काळ्या फोमचे टोकदार चौकोन. लांबून मागवायचे, भिंतीला चिकटवायचे. पातळ फोम वरचे सूर तेवढे खातो, खालची घुम तशीच ठेवतो. आणि हे कोण मागवतंय? वऱ्हाडी! ज्या वऱ्हाडाच्या कापसासाठी इंग्रजांनी अकोल्या-बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आणली, तिथला माणूस आवाज शोषायला प्लॅस्टिकचा भुसा विकत घेतोय. अहो, कापसाएवढं गुणी शोषक दुसरं शोधावं लागेल. खाली जाड सतरंजी अंथरा. खिडकीला जाड पडदा. कोपऱ्यात पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली गादी उभी करा. निम्मं काम तिथंच होतं.

अडचण एकच. गादी गादीसारखीच दिसते. पाहुण्यांना दाखवून 'अकूस्टिक ट्रीटमेंट' म्हणता येत नाही.

आणि हे सगळं ऐकायचं कधी? मार्च संपता संपता खिडकीत कूलर बसतो. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 ओलांडतो तेव्हा कूलर ही चैन नसते, जीव वाचवण्याचा उपाय असतो. मृगाचा पाऊस टिकून लागेपर्यंत हॉलमध्ये अखंड घरघर. त्या घरघरीत पंधरा हजारांची जोडी आणि दीड लाखाची जोडी, दोन्ही सारख्याच. दीड लाखाचे बारकावे सगळे कूलरच्या टपात.

वऱ्हाडात ऐकण्याचा हंगाम दिवाळी ते होळी. रब्बीच म्हणा. वॉरंटी मात्र बारा महिन्यांची मोजतात.

उन्हाचं आणखी एक. वूफरच्या कोनाला बाहेरून जी लवचिक कड असते, ती फोमची की रबराची, तेवढं बोट लावून बघा. फोम उष्म्यानं आणि दमटपणानं काही वर्षांत भुसभुशीत होतो. बोट लावलं की काळी भुकटी हाताला. रबर टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि त्यामागून येणाऱ्या श्रावणातल्या ओलीत हा फरक पैशांचा आहे. ब्रोशरच्या पहिल्या पानावर सोन्याचा मुलामा दिलेली टर्मिनलं असतात. कड कशाची, ते कुठंच नसतं.

कॉइल जळण्याचं प्रकरणही समजून घ्या. मेकॅनिक म्हणतो, "लोड आला." कसला लोड? लहान अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की आवाज फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजानं आधी बळी जातो तो नाजूक ट्विटरचा. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरनं सहसा स्पीकर जळत नाही. लहानानं जळतो. कधी? पुतणीच्या हळदीच्या रात्री, साडेअकराला, घरचाच सेट अंगणात मांडून.

ट्विटर वाचला तर घरातलं पोर त्याच्या घुमटात बोट घालून खळगा पाडतं. म्हणून जाळी काढून ठेवणाऱ्या शौकिनांनी आधी कुटुंबनियोजनाचा विचार करावा.

मग वायर. या खात्यातली सगळ्यात निर्लज्ज लूट. जाडजूड, सापासारखी कात असलेली वायर, मीटरला चार आकडी भाव. तिनं म्हणे आवाज 'मोकळा' होतो. घरातल्या चार-पाच मीटर अंतराला साधी तांब्याची अडीच स्क्वेअर एमएमची वायर पुरते. इलेक्ट्रिशियन तीच गिझरला टाकतो. दोन हजार वॅटचा गिझर तिच्यावर वर्षानुवर्षं चालतो.

लताबाई चालणार नाहीत?

आणि ती शंभर तासांची थाप. "नवीन आहे ना सर, शंभर तास वाजवा, मग खुलते." रोज तासभर ऐकणाऱ्याचे शंभर तास भरतात सव्वातीन महिन्यांनी. बदलून घ्यायची मुदत असते सात दिवसांची. बहुतेक वेळा खुलत काही नाही. आपले कान निमूटपणे सवय करून घेतात, जशी त्यांनी रस्त्यावरच्या हॉर्नची करून घेतली.

काही जण या सगळ्याला कंटाळून स्वदेशीकडे वळतात. परतवाड्याचा सागवान आणतात, घरच्या मिस्त्रीकडून पेटी ठोकून घेतात, वर पॉलिश. सागवान दिवाणाला शोभतो, देवघराला शोभतो. स्पीकरच्या पेटीचं काम एकच, गप्प बसणं. म्हणून कारखाने एमडीएफ वापरतात. जड, सगळीकडे एकसारखं, आणि ऋतू बदलला तरी लाकडाएवढं न वाकणारं. कोणतीही पेटी घेताना बोटाच्या पेरानं टकटक करा. 'ठक' आला तर ठीक. 'ढम्म' आला तर गाण्यासोबत पेटीही गाणार आहे, आणि तिची तालीम झालेली नाही.

ब्रोशरवर आणखी एक ओळ अभिमानानं छापलेली असते. '20 हर्ट्झ ते 20,000 हर्ट्झ.' वरचा आकडा पोराटोरांच्या कानांचा. पन्नाशी गाठलेल्याला साधारण बारा-तेरा हजारांच्या वरचं ऐकू येणं कठीण. आणि लाखभर रुपये स्पीकरला घालायची ऐपत कोणत्या वयात येते? वरचे सात हजार हर्ट्झ मग नातवासाठी घ्यायचे. तो बापडा मोबाइलवर ऐकतो.

तर मग निवडायचं कशावर? आपल्याकडे याचं सामान घरचंच आहे.

एक, खंजिरी. गुरुकुंज मोझरीला जाऊन आलेल्या माणसाला तुकडोजी महाराजांच्या भजनातली खंजिरी वेगळी सांगायला नको. कातड्यावरची थाप आणि झांजांची छुमछुम एकाच क्षणी येते. थाप वूफरची, छुमछुम ट्विटरची. चांगल्या जोडीत दोन्ही एकाच हातातून आल्यासारखं वाटतं. वाईट जोडीत थाप एका गावाला आणि झांजा दुसऱ्या. परीक्षा मिनिटभरात संपते. फक्त ती डीजेच्या गाण्यानं होत नाही.

दोन, गझल. सुरेश भट 1932 साली अमरावतीत जन्मले. गझलगायक भीमराव पांचाळे त्याच जिल्ह्यातले. गझलेत सगळा खेळ शब्दाचा. शेवटच्या अक्षरावर टाळी असते. ते अक्षरच बेसमध्ये बुडालं तर टाळी कशाला द्यायची? फुगलेल्या वूफरमधून 'ठ', 'घ', 'भ' सगळे एकाच जातीचे होतात. भटांच्या गावात भटांचा शेर 'हुम्म हुम्म' ऐकू येत असेल, तर ती जोडी कितीही हजारांची असो, दुकानात परत पाठवायच्या लायकीची.

पण खंजिरी आणि गझल घेऊन दुकानात जातो कोण? पोरग्याच्या ढोलावर आपण खूश. कारण मुळात ऐकायचं कोणाला होतं?

खरं बोलू या. घरचा स्पीकर आपण स्वतःसाठी घेतच नाही. शेजाऱ्यासाठी घेतो. समोरच्यानं गच्चीवरून विचारलं पाहिजे, "नवीन घेतला काय जी?" म्हणून पहिल्या दिवशी खिडक्या उघड्या. म्हणून आरती इतकी मोठ्यानं की देवानंही कानावर हात ठेवावेत. स्वतःसाठी घेतला असता तर कमी आवाजात ऐकून घेतला असता. चांगली जोडी कमी आवाजातही शब्द सोडत नाही. भिकार जोडीला ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. माणसांतही ही जात ओळखू येते.

आणि शेजाऱ्याचं म्हणाल तर कायदा त्याच्याच बाजूनं आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्र म्हणजे 10 ते 6. खासगी घरातल्या संगीताला हद्दीवर याच्यापेक्षा वर फक्त 5 डेसिबलची मुभा. म्हणजे रात्री दहानंतर कुंपणापाशी 50. तेवढ्याला लागतो वॅटचा लहानसा तुकडा. उरलेले नऊशे नव्व्याण्णव कुठं वापरणार?

गणपतीत? मंडळाकडे भिंतीएवढे आहेत. तुमचे ऐकूही येणार नाहीत.

तेव्हा दिवाळीत घ्यायचाच असेल तर एक करा. साडी घ्यायची म्हटलं की आपल्या ओळखीचा कापडवाला अख्खा गठ्ठा पसंतीला घरी पाठवतो. उजेडात बघा, सासूला दाखवा, नको त्या परत करा. स्पीकर तर साडीपेक्षा महाग आणि साडीपेक्षा जास्त वर्षं घरात राहणार. मग तो का नाही पसंतीला? दोन दिवसांसाठी मागा. कूलर बंद ठेवा, सतरंजी अंथरा, वायर सरळ जोडा, आणि साळ्याला नव्हे, दुकानात जिला गप्प बसवलं तिला समोर बसवा. तिला शब्द कळले तर पैसे द्या. दुकानदार "असं नाही चालत" म्हणाला, तर पैसे अजून तुमच्याच खिशात आहेत आणि त्याच रस्त्यावर आणखी चार दुकानं आहेत.